गावभागातला तळमजला भाड्याने देताना

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही आईच्या घराचा तळमजला भाड्याने दिला. घर सांगलीत, गावभागात, म्हणजे कृष्णेकाठच्या जुन्या वस्तीत. वरच्या मजल्यावर आई एकटी राहते, मी विश्रामबागेत. खोल्या भाड्याने देणं ही सांगलीत रोजची गोष्ट आहे, पण आमच्या घरात ते पहिल्यांदाच होत होतं. ‘देऊया’ म्हटल्यापासून किल्ल्या हातात देईपर्यंत माझ्या जिवाला घोर होता. कागद कोणते लागतात, खर्च किती येतो, समोरच्याला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे सलग सांगणारं कुणी भेटलं नाही. एक जण एक तुकडा सांगायचा, दुसरा दुसरा. आता वर्ष होऊन गेलंय, म्हणून जे जसं घडलं तसं लिहिते.

भीती दोन होत्या. पहिली आईची. तिच्या माहेरचा वाडा मिरजेत. तिथे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळातले भाडेकरू होते. भाडं नावापुरतं, म्हणून मामा डागडुजी करायचे नाहीत. डागडुजी होत नाही म्हणून भाडेकरू चिडलेले. आधी अबोला, मग नोटिसा, मग कोर्ट. मामा गेले तरी तारखा चालूच राहिल्या. ‘माणूस एकदा आत आला की बाहेर निघत नाही’ हे आईच्या मनात इतकं पक्कं बसलेलं, की बाबांच्या पश्चात खालच्या तीन खोल्या रिकाम्या पडल्या तरी ती विषय काढू द्यायची नाही.

दुसरी भीती माझी, आणि ती कृष्णेची. २००५ ला पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा तळमजल्यात कमरेच्या वर पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पातळी ५४ फुटांच्या पुढे गेली आणि पाणी पुन्हा आत आलं. अशा घरात दुसऱ्याच्या संसाराला बोलवायचं, तर पुराचं सांगून बोलवायचं की न सांगता? न सांगता देणारे आहेत. उन्हाळ्यात घर दाखवायचं, भिंतींना नवा रंग दिलेला असतो, ओलीची रेघ दिसत नाही. मला ते पटणारं नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये एका वकील मैत्रिणीला घरी बोलावलं आणि आईसमोरच सगळं विचारलं. तिने सांगितलेल्या दोन गोष्टींनी आईची भीती बरीच उतरली. एक म्हणजे जुना कायदा जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आलेला आहे, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठराविक मुदतीपुरती वापरायची परवानगी म्हणून, दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर ताबा मिळवायची वेगळी, लवकरची वाट कलम २४ मध्ये आहे, आणि मुदतीनंतरही जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दुसरी गोष्ट कलम ५५ ची. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम मालकावर. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

हे ऐकून मी चमकले, कारण आमच्या ओळखीत सगळे जण अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर टाइप करून नोटरीकडे नेतात आणि झालं म्हणतात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज इतका घट्ट आहे की मैत्रिणीने कलम उघडून दाखवलं तेव्हा कुठे मला पटलं. आई मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडली. तिचं म्हणणं, आधीच एवढे कागद पुढे केले तर माणसाला वाटेल आपला त्याच्यावर विश्वास नाही. मैत्रीण म्हणाली, "काकू, तुमच्या भावाचं आणि भाडेकरूंचं भांडण कागद होते म्हणून झालं, की नव्हते म्हणून?" आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने खालच्या खोल्या झाडून घेतल्या.

एप्रिलमध्ये फाटकावर पाटी लावली. एजंटकडे गेलो नाही, कारण एक महिन्याचं भाडं त्याला आणि तेवढंच समोरच्याकडून. विश्रामबागेत तशाच तीन खोल्यांना जे भाडं येतं त्याहून बरंच कमी, ६,५०० सांगायचं ठरवलं. डिपॉझिट दोन महिन्यांचं, १३,०००. केंद्राने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा सुचवलेली आहे. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, पण दोन महिने हा आकडा मला रास्त वाटला.

फोन खूप आले. ते दिवस मला जड गेले, त्याचं कारण सांगितलंच पाहिजे. काही जण आधी आडनाव सांगायचे आणि मग थांबायचे. काही सरळ विचारायचे, "आमचं चालेल का?" एका मुलीने विचारलं, "ताई, आम्ही मटण खातो, मग येऊन बघू का नको?" घर बघायला यायच्या आधीच माणसाला परवानगी मागावी लागते, ही आपल्या गावाची शोभा नाही. गल्लीतल्या दोघा-तिघांनी मलाही सुचवलं की ‘आपल्यातलेच’ बघ. मी आईला एवढंच विचारलं, तुझी अडचण नक्की कशाची आहे? ती म्हणाली, मला रात्री अकरानंतर मोठा आवाज सहन होत नाही आणि माझ्या तुळशीला रोज पाणी घालता आलं पाहिजे. खाली काय शिजतं त्याच्याशी मला काय करायचंय, त्यांचं स्वयंपाकघर खाली, माझं वर. मग मी फोनवर आडनाव ऐकल्या-ऐकल्या ‘कधी येताय बघायला?’ असंच म्हणायला लागले.

घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी पुढच्या खोलीच्या भिंतीजवळ नेत होते. २०१९ ची रेघ रंगाखाली गेली होती. मी तिथे हात ठेवून सांगायचे, पाणी इथवर आलं होतं, आणि २०२१ ला इथवर. बरेच जण तिथूनच परत गेले. मे महिन्यात, सांगलीचं मतदान ७ तारखेला उरकलं त्यानंतरच्या आठवड्यात, एक जोडपं आलं. नवरा, म्हणजे दादा, कुपवाडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करतात, वहिनी घरी शिवणकाम करतात, मुलगी तिसरीत. गाव जत तालुक्यात. भिंतीवरचा माझा हात बघून दादा म्हणाले, "आमच्याकडं टँकर बघितलाय ताई, पूर नाय बघितला. पण तुम्ही आधी सांगितलासा ते बरं केलासा. आधीच्या मालकांनी गळकं छत पण सांगितलं नव्हतं."

त्यांच्याबद्दल मी दोनच ठिकाणी चौकशी केली: ते काम करतात त्या कारखान्यात, आणि आधीच्या घराच्या शेजारणीकडे. आधीच्या मालकांना फोन केला नाही, कारण तिथे वाद होता हे त्यांनीच सांगितलं होतं आणि वादातल्या एकाच बाजूचं ऐकून मला ठरवायचं नव्हतं. आमचीही चौकशी करा, असं मी त्यांना म्हटलं. वहिनींनी ती खरंच केली. गल्लीतल्या किराणा दुकानात विचारून आल्या, म्हातारी कशी आहे म्हणून. ते मला फार आवडलं.

मग कराराचा मसुदा. सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर मसुदा मराठीत करून आठवडाभर आधी त्यांच्या हातात दिला याचा. छापील नमुन्यात सगळ्या अटी भाडेकरूने काय करायचं नाही याच्या असतात. मी खाली अर्धं पान कोरं सोडलं आणि म्हटलं, तुमच्या अटी यात लिहा. आधी दोघं संकोचले. पुढच्या रविवारी आले तेव्हा वहिनींनी वहीच्या कागदावर तीन गोष्टी लिहून आणल्या होत्या. शिलाई मशीन दुपारी चालवलं तर चालेल का. गावाकडून सासू-सासरे महिना-महिना राहायला येतात, त्याला हरकत नको. आणि तिसरी: आजींना परसात जायचं तर वाट आमच्या स्वयंपाकघरातून आहे, तर त्यांची वेळ ठरवूया.

ही तिसरी गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. तुळस परसात, परसाचं दार खालच्या स्वयंपाकघरात. आई चाळीस वर्षं त्या दारातून सकाळी आंघोळ झाली की जात आली. तिच्या दृष्टीने ते तिचंच घर. आणि वहिनींच्या दृष्टीने, त्या सकाळी पोळ्या लाटत असताना, नवरा टॉवेलवर असताना, कुणीही दार न वाजवता आत येणार. दोघींचंही खरं. हे तेव्हा बोललं गेलं नसतं तर पहिल्याच महिन्यात कुरबूर सुरू झाली असती आणि कारण कुणीच कुणाला सांगितलं नसतं. आई जरा दुखावली, पण तिनेच वेळ दिली: सकाळी साडेआठ, दादा कामावर आणि मुलगी शाळेत गेल्यावर, कडी वाजवून. करारात तसं घातलं. मैत्रीण म्हणाली, तुळशीचं कलम मी पहिल्यांदाच लिहितेय.

पुराचं कलम मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून, कागदावर खाडाखोड करत लिहिलं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे जायला लागलं की सामान वर हलवायला सुरुवात करायची. ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. सामानासाठी आणि माणसांसाठीही वरची पुढची खोली मोकळी करून द्यायची, त्याचं भाडं नाही. घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या दिवसांचं भाडं नाही. चिखल काढणं, रंग, वायरिंग मालकाकडे. त्यांच्या सामानाचं नुकसान मालकाकडे नाही. पुराने झालेल्या कुठल्याही नुकसानीपोटी डिपॉझिटमधून काही कापायचं नाही. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगितली, कराराची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून वर आईकडेही ठेवा. २०१९ ला आमच्या मागच्या गल्लीतल्या एका भाडेकरू कुटुंबाकडे, पंचनाम्याच्या वेळी आपण इथेच राहतो हे दाखवायला एकही कागद नव्हता. त्या बाईंचं रडणं मी विसरलेले नाही.

लिव्ह अँड लायसन्सचा करार छत्तीस महिन्यांचा केला. पहिल्या वर्षी ६,५००, दुसऱ्या वर्षी ६,८००, तिसऱ्या वर्षी ७,१००. दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवा खर्च आणि ‘आता किती वाढवणार’ ही टांगती तलवार, यापेक्षा हे बरं. मुद्रांक शुल्काचा हिशेब असा: पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. आमचं तीन वर्षांचं भाडं २,४४,८०० आणि व्याज ३,९००, म्हणजे शुल्क सव्वासहाशेच्या आसपास बसतं. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचं शुल्क वेगळं, आणि घरी येऊन सगळं करून देणाऱ्या सेवा पुरवठादाराचे बाराशे. एकूण खर्च निम्मा-निम्मा केला. मी सगळा द्यायला तयार होते, पण दादा नको म्हणाले, "कागद आमचा पण हाय की."

नोंदणी ऑनलाइन होते, दुय्यम निबंधक कार्यालयात जावं लागत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची, शुल्क भरायचं, मग मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार यांचे फोटो आणि आधारशी जोडलेले अंगठ्याचे ठसे. सेवा पुरवठादार लॅपटॉप आणि ठशाचं मशीन घेऊन घरी येतो. अंगठे द्यायच्या आधी पडद्यावरचा मजकूर शब्द न् शब्द वाचा. आमच्या मसुद्यात क्षेत्रफळ चौरस फुटांऐवजी चौरस मीटरमध्ये पडलं होतं, म्हणजे तीन खोल्यांचा महाल झाला होता. वाचल्यामुळे ते तिथेच दुरुस्त झालं. घर एकापेक्षा जास्त जणांच्या नावावर असेल तर सगळे जण करारात हवेत किंवा एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र हवं. आमचं आईच्या एकटीच्या नावावर आहे, तो प्रश्न आला नाही.

अडलं ते आईच्या अंगठ्यावर. आईचं वय ७४. आयुष्यभर धुणी-भांडी केलेले हात, रेषा झिजलेल्या. डावा अंगठा लावला, नाही. उजवा, नाही. पुसून, कोमट पाण्याने धुऊन, किंचित खोबरेल लावून, पुन्हा सगळी बोटं एकेक करून. मशीनवरचा लाल दिवा काही बदलेना. खोलीत सहा माणसं आणि सगळ्यांचं लक्ष आईच्या बोटांकडे. ती कानकोंडी झाली, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा" म्हणायला लागली. वहिनी उठल्या, तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, माझ्या सासूचं रेशनला असंच होतंय. बोटं झिजल्यात, काम केल्यात म्हणून झिजल्यात." त्या दिवशी काम तसंच राहिलं.

ज्यांच्या घरी म्हातारी माणसं मालक आहेत त्यांनी हे आधीच करून ठेवावं: आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या. तेव्हा त्याला शंभर रुपये लागले. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद केलेलं असेल तर तेही उघडून ठेवा, नाहीतर चांगला अंगठाही लागत नाही. अद्ययावत झाल्याचा मेसेज यायला वेळ लागला, तोवर जून उजाडला होता आणि शाळा १५ तारखेला सुरू होणार होती. दुसऱ्या वेळी आईच्या उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. मग दस्त दुय्यम निबंधकांकडे तपासणीला गेला आणि दोन-चार दिवसांत डिजिटल सहीची प्रत सूची क्रमांक दोनसह, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्यासह, आली. तिची रंगीत छपाई करून एक प्रत त्यांना, एक आईला. पुढे त्याच प्रतीवर वहिनींनी गॅसचा पत्ता बदलून घेतला.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम आहे, ते विसरू नका. राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर घरबसल्या फॉर्म भरता येतो. मी प्रत्यक्ष गेले. फोटो, आधार, मूळ गावचा पत्ता, कामाचं ठिकाण, ओळखीच्या दोघांची नावं आणि कराराची प्रत. दादांना मी बरोबर नेलं नाही, पण फॉर्म त्यांच्यासमोर भरला, म्हणजे आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्यांना माहीत असावं.

१५ जूनला सामान आलं. त्याआधी रिकाम्या घरात दादांनी आणि मी मिळून मोबाइलवर फोटो काढले: नळ, बटणं, खिडकीची तडकलेली काच, मोरीचा उडालेला टवका. तेच फोटो दोघांच्या मोबाइलवर. पंखे किती, दिवे किती, किल्ल्या किती, याच्या यादीवर दोघांच्या सह्या. तीन वर्षांनी घर सोडताना ‘हे आधीच फुटलेलं होतं’ असं कुणाला म्हणावं लागू नये.

आणि दीड महिन्याच्या आतच पुराच्या कलमाची वेळ आली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कोयनेतून विसर्ग वाढला आणि आयर्विनची पातळी चाळीस फुटांकडे चढायला लागली. गावभागात या दिवसांत प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, किती झालं? वहिनी घाबरून गेल्या होत्या, सारख्या मोबाइल बघत होत्या. मी विश्रामबागेतून पोचले तेव्हा आईने वरची पुढची खोली रिकामी करून सतरंजी अंथरून ठेवली होती. आधी शिलाई मशीन, मग ज्वारीचं पोतं, मुलीची दप्तरं-पुस्तकं, गिऱ्हाइकांचे शिवायला आलेले ब्लाऊज आणि सगळ्यात शेवटी फ्रीज. दादांच्या कारखान्यातले दोघं जण आले, माझा मुलगा आला. खालचा मेन स्विच कुठे आहे हे मी वहिनींना हात लावून दाखवलं. पाणी आमच्या गल्लीत आलं नाही. पातळी उतरली, सामान पुन्हा खाली गेलं. पण ते दोन-तीन दिवस ती मुलगी आईजवळ झोपली आणि तिथून पुढे आईला ‘मालकीणबाई’ कुणी म्हणालं नाही.

मात्र माया लागली म्हणजे सगळं आपोआप सुरळीत होतं असं नाही. विजेचं बघा. घराला मीटर एकच, खाली सब-मीटर. सांगलीत बऱ्याच ठिकाणी मालक युनिटला दहा-बारा रुपये ठरवून टाकतात, आणि मनातून भाडेकरूला कायम वाटत राहतं की आपल्याला लुटतायत. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी आणि १०१ ते ३०० चा जवळजवळ दुप्पट. दोन घरं एका मीटरवर आली की दोघंही महागड्या टप्प्यात जातात, त्यात दोष कुणाचाच नसतो. आम्ही दर ठरवलाच नाही. बिल आलं की सब-मीटरचं रीडिंग दोघांसमोर घ्यायचं आणि पूर्ण बिल वापराच्या प्रमाणात वाटायचं. एका महिन्यात एकूण २३६ युनिट, खालचे १४०, बिल २,६४०, त्यांचे १,५६६, आईचे १,०७४. हिशेब बिलाच्या मागेच पेनाने लिहायचा आणि फोटो पाठवायचा. पाण्याची मोटर आईच्या बाजूच्या वायरिंगवर आहे, त्यामुळे त्यापोटी ते महिन्याला पन्नास रुपये जास्त देतात. हे त्यांनीच काढलं.

भाडं आईच्या खात्यावर येतं, तरी पावती द्यायचीच. पावती देणं कायद्याने मालकावर आहे. पाच हजारांच्या वर रोख घेतली तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं. आईला पावती पुस्तकाचं फार कौतुक, दर महिन्याला बाबांच्या पेनाने लिहिते. हे भाडं तिच्या उत्पन्नात दाखवायचं असतं. भरलेली घरपट्टी वजा करून जे उरतं त्यावर आणखी तीस टक्के वजावट मिळते, हे करसल्लागाराने सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये खालच्या मोरीचं पाणी भिंतीत मुरायला लागलं. करारात पाचशेच्या आतलं किरकोळ काम त्यांचं, वरचं आमचं. प्लंबरने पाइप बदलून १,८५० घेतले, ते आईने दिले. याबाबत माझं मत ठाम आहे: मालकाने दुरुस्तीला उशीर करू नये. भाडं एक तारखेला हवं असेल तर गळती त्याच आठवड्यात थांबली पाहिजे. आणि काहीही वाद झाला तरी पाणी-वीज तोडायची नाही. कायद्यानेही त्याला बंदी आहे, आणि लहान मूल असलेल्या घराचं पाणी बंद करणाऱ्या माणसाला मी माणूस म्हणणार नाही.

जानेवारीत कारखान्यात काम कमी झालं, ओव्हरटाइम बंद, पगार लांबला. दादा २८ तारखेलाच वर गेले आणि आईला म्हणाले, "आजी, या महिन्याला निम्मं देतो, निम्मं वीस तारखेला." आईने मला फोन केला, मी ‘चालेल’ म्हटलं, आणि तसं दोन ओळींत मेसेज करून ठेवलं. वीस तारखेला पैसे आले. पहिल्या तारखेनंतर मी विचारायला गेले असते तर हाच संवाद किती वेगळा झाला असता! त्यांनी आधी येऊन सांगितलं, आणि आई रागावणार नाही याची त्यांना खात्री होती. एवढ्यासाठीच तर मी वहिनींनी अटी लिहून आणलेला तो वहीचा कागद जपून ठेवलाय.

२०२५ च्या १५ जूनपासून भाडं ६,८०० झालं. कुणी कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही. तुळशीच्या वेळेचं मात्र आता बदलायला हवं, कारण मुलीची शाळा दुपारची झालीय आणि सकाळी साडेआठला स्वयंपाकघरात अजून गडबड असते. दादांनी सुचवलं की बाजूच्या बोळातून परसात एक छोटं दार काढलं तर आजींना कुणाच्याच घरातून जायला नको. गवंड्याने भिंत फोडून चौकट बसवायचे चौदा हजार सांगितलेत, ते आमच्याकडे. लोखंडी दार दादा स्वतः बनवणार आहेत, फक्त मालाचे पैसे घेऊन. पाऊस उघडला की काम काढायचं आणि दिवाळीच्या आत उरकायचं असं ठरलंय.